माहेरचं आडनाव

काँप्युटरसमोर बसले की काका चष्मा कपाळावर चढवायचे, पुन्हा खाली ओढायचे आणि म्हणायचे, "टाइप कर यार, सापडेल." काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस. केंद्र सरकारातले पन्नाशीचे अधिकारी, पण मंडळात आले की सगळ्यांचे यार.

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि पुण्या-मुंबईची आमच्यासारखी माणसं तिथे नोकरीला येऊन पडत होती. गाझियाबादपासून मानेसरपर्यंतची मराठी घरं एका सूचीत आणायची, हा काकांचा ध्यास. फॉर्म त्यांनी शाखांकडून गठ्ठ्यांनी मागवले आणि न चाळताच टायपिंग माझ्यासह चौघींच्या गळ्यात घातलं.

सूची झाल्यापासून दर रविवारी ते एकच नाव शोधायचे, कुंदा बापट. स्क्रीन कोरा.

कुंदा त्यांची धाकटी बहीण. दिल्लीतल्या परजातीच्या मुलाशी लग्न केलं म्हणून वडिलांनी तिला दार बंद केलं आणि काकांनी तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही.

"आडनाव बदललं असेल ना?" मी म्हटलं.

"माहेरचं विचारलंय फॉर्मात. ती बापट आहे, बापटच लिहायचं."

बहीण हवी, पण मेहुण्याचं नाव नको! अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला तेव्हा हसू यायचं.

पुढे हळदीकुंकवासाठी कुणाला माहेर नाशिककडचं असलेल्या बायकांची नावं हवी होती, ती नीट निघेनात, म्हणून मी सूचीचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. घरांची यादी वेगळी, माहेरांची वेगळी, दोन्ही सभासद क्रमांकाने जोडलेल्या. शोध मात्र एकेक ओळ सुटी वाचायचा. पहिल्या यादीत कुंदा होती, दुसरीत बापट. दोन्ही शब्द एका ओळीत कुठेच नव्हते.

याद्या एकत्र वाचायला लावल्या आणि ती आली. कुंदा सक्सेना, माहेर बापट, गाझियाबाद. नुसतं 'कुंदा' लिहिलं असतं तरी मिळाली असती. पण बापट लावल्याशिवाय काका मला शोधूच द्यायचे नाहीत. दोन वर्षं ती आमच्याच काँप्युटरमध्ये होती, याची हळहळ अजून जात नाही.

काकांनी लगेच फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडे एक मुलगी बोलत होती.

"मम्मी तो पिछले साल नहीं रहीं. आप कौन?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली ओढला. मग म्हणाले, "मामा."

"मम्मी का तो कोई भाई नहीं था, अंकल."

"हां बेटा," काका म्हणाले, "नहीं था."