दोन्ही अर्थ होतात

पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात (नाव कशाला घ्या, सगळे एकाच माळेचे मणी) भीमा गर्जे नावाचे एक मास्तर आहेत. इंग्रजी शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितक्यापुरते तुम्ही प्राध्यापक, बाकी वेळ कुणीच नाही. अकरा वर्षं झाली त्यांना असं अर्धवट प्राध्यापक होऊन. माणूस हाडाचा शिकवणारा, पण तोंड कायम कडू. कुणी पेढा दिला तरी आधी तो उलटून बघतील, मग खातील. कारण विचाराल तर गर्जे सरांना माणसांची किळस येते, आणि ती त्यांनी कधी लपवून ठेवलेली नाही.

या किळसेला जागा आणि दिवस आहे. सहा वर्षांपूर्वी ते एसटीने नगरला निघाले होते आणि करंजी घाटात कोंबड्यांचा टेम्पो उलटलेला दिसला. ड्रायव्हर आत अडकून पाणी मागत होता. गर्जे सर बाटली घेऊन खाली उतरले, त्याच्या तोंडात पाणी घातलं, रक्त पुसलं. मान वर करून बघतात तो काय, अख्खी एसटी खाली उतरलेली! पण ड्रायव्हरकडे कोण बघतो? म्हातारेकोतारे, कपाळाला बुक्का लावलेले, लेकुरवाळ्या बाया, सगळे कोंबड्यांच्या मागं. एकानं तर धोतराचा सोगा सोडून त्यात तीन बांधल्या. कंडक्टरनं सगळ्यांचं आटोपेपर्यंत घंटी मारली नाही, कारण त्याच्याही सीटखाली दोन होत्या. मग ड्रायव्हरला एका जीपनं दवाखान्यात नेलं, आणि नगरपर्यंत गाडीभर कोंबड्या कोकलत होत्या आणि माणसं एकमेकांना सांगत होती, "लई वंगाळ झालं बिचाऱ्याचं, लहान लेकरं असतीन त्याला." गर्जे सरांना त्या दिवशी मळमळून आलं. ते आजतागायत पुरतं थांबलेलं नाही.

आणि नशिबानं शिकवायला काय यावं? तिसऱ्या वर्षाच्या पोरांना जुनी अमेरिकन कादंबरी. त्यात माणूस नावाच्या प्राण्याचा स्वभाव मुळात कसा, यावर त्या लोकांनी शंभर-दीडशे वर्षं डोकेफोड केलेली. एक पंथ म्हणतो, पाप माणसाच्या रक्तातच असतं, देवळात बसला म्हणून जात नाही. दुसरा म्हणतो, छे, माणूस मुळात निर्मळ, चार लोकांत आला की नासतो, त्याला एकटा रानात नेऊन सोडा आणि बघा. तिसरा म्हणतो, माणूस म्हणजे पाचोळा, भूक आणि वारा नेईल तिकडे जाणार. गर्जे सर हे तिन्ही असे रंगवून सांगत की मागच्या बाकावरची पोरंही मोबाईल खाली ठेवत. उदाहरणाला करंजीचा घाट असायचाच. सोगेवाला कोणत्या पंथात, कंडक्टर कोणत्या, अशी पोरं वाद घालत.

त्यांची आई झुंबरबाई. ऐन उमेदीची वर्षं तिनं ऊसतोडीच्या कोयत्यावर काढली, दिवाळी झाली की साखर कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी घालायची आणि उन्हाळ्यात परत यायचं. भीमा तिथंच मोळ्यांच्या आडोशाला वाढला. तिला एकदा त्यांनी सहज विचारलं, आई, माणूस मुळात चांगला का वाईट? ती चुलीपुढून म्हणाली, "आरं, माणूस उसावानी हाय. बुडख्याला गोड. जसा वर जाईल तसा पचपचीत, अन् शेंड्याला निसतं वाडं, ते बैलानं खावं." गर्जे सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता शेंड्याकडे वळू. विभागप्रमुख डॉ. रंगनाथ घोलप. पोट सुटलेलं, आवाज लोण्यासारखा, आणि पुस्तक हातात घेतलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण त्यांनी लिहिलेलं गाईड पाच तालुक्यांत खपतं. मराठीत विचार करून इंग्रजीत उत्तरं पाडलेली. त्या गाईडात 'ह्यूमन नेचर'वर जो हमखास येणारा प्रश्न आहे, त्याचं उत्तर वाचून गर्जे सर आधी हसले होते, मग त्यांनी गाईड मिटून ठेवलं होतं. घोलप सरांनी त्याचा अर्थ लावला होता, मानव आणि निसर्ग! झाडं माणसाला सावली देतात, समुद्र मीठ देतो, माणसानं निसर्गाचे उपकार विसरू नयेत, आणि शेवटी प्रत्येकानं एक तरी झाड लावावं. अमेरिकन कादंबऱ्यांत रान, समुद्र आणि वादळं खच्चून भरलेली असल्यामुळे हे उत्तर नऊ वर्षं बिनबोभाट खपून गेलं. तपासणाऱ्यांनीही तेच गाईड वाचलेलं असायचं. दरवर्षी शे-सव्वाशे पोरं माणसाच्या पापपुण्याच्या प्रश्नाला वृक्षारोपणाचं उत्तर लिहून पास व्हायची.

गर्जे सर वर्गात खरा अर्थ शिकवत. पोरं ऐकत, टाळ्या वाजवत आणि परीक्षेत गाईड ओतत. याची त्यांना सगळ्यात जास्त किळस यायची. घोलप सरांना तोंडावर मात्र ते नऊ वर्षांत एकदाही बोलले नाहीत.

यंदा कॉलेजात इंग्रजीची एक पक्की जागा निघाली. मुलाखत सोमवारी, आणि मुलाखत घेणाऱ्यांत घोलप सर. गर्जे सरांचं वय एक्केचाळीस. ही हुकली तर पुढची निघेपर्यंत वय निघून जाणार, हे शिपायालासुद्धा पाठ होतं.

मुलाखतीच्या चार दिवस आधी अंतर्गत परीक्षेचे पेपर त्यांच्या हातात आले. तीस गुणांचा एकच प्रश्न. यंदा नेमलेली कादंबरी एका खलाशी गावाची होती. जहाजं खडकावर फुटावीत आणि माल वाहत किनाऱ्याला यावा म्हणून अख्खं गाव मिळून एका वादळी रात्री दीपगृहाचा दिवा विझवून ठेवतं, आणि मेलेल्यांसाठी सगळे मिळून प्रार्थनाही करतात. चौकशीला आलेला अधिकारी विचारतो तेव्हा एकटा म्हातारा दिवेवाला उभा राहून खरं सांगतो. त्यावर प्रश्न होता, या कादंबरीतून ह्यूमन नेचर कसा दिसतो. गर्जे सरांनी गठ्ठा सोडला. झाडं, समुद्र, मीठ. झाडं, समुद्र, मीठ. एकानं तर दीपगृहाभोवती कडुनिंब लावायला सांगितला होता. दात-ओठ खात ते तपासत गेले आणि एका पेपरावर हात थांबला.

पेपर मेहविशचा होता. एसटी स्टँडमागं गाद्या भरून देणाऱ्या गनीभाईंची ही मुलगी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, फार न बोलणारी. इंग्रजी तोडकंमोडकं, क्रियापदं कुठल्या कुठं. पण पोरीनं कादंबरी वाचली होती! तिनं लिहिलं होतं की दिवा विझवणारे दोघं-तिघंच, पण विझलेला बघून गप्प घरी जाणारे सगळे, म्हणून पाप मोजायचं झालं तर गप्प बसणाऱ्यांचं मोजा. पुढं लिहिलं होतं की तरीही माणूस पुरता वाया गेलेला नाही, कारण कुणी समोर उभं राहून विचारलं की त्याला खोटं बोलणं जड जातं. गर्जे सरांनी ते दोनदा वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाची चव बरी झाली. त्यांनी सव्वीस गुण दिले आणि गठ्ठा सहीसाठी घोलप सरांकडे पाठवला.

तो परत आला तेव्हा झाडवाल्यांचे गुण वाढवून अठरा-वीस केले होते आणि मेहविशच्या सव्वीसवर काट मारून तेरा केले होते. पास होण्यापुरते. फर्स्ट क्लास त्याच पेपरावर अडला होता, आणि तो गेला तर नगरला एम.ए.च्या यादीत नाव लागणं कठीण.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. घोलप सर चहात क्रीमरोल बुडवत होते. बाजूला आणखी दोघं प्राध्यापक आणि खिडकीपाशी गर्जे सर.

"सर, माझं उत्तर कुठं चुकलं ते सांगता का?"

"अगं, प्रश्न काय होता?" घोलप सर समजुतीनं म्हणाले. "ह्यूमन नेचर. तू निसर्गावर एक ओळ तरी लिहिलीस का? समुद्र नाही, झाड नाही. नुसती गावातली भानगड लिहिलीस."

"पण सर, इथं नेचर म्हणजे स्वभाव ना? गर्जे सरांनी तसंच शिकवलंय."

दोघं प्राध्यापक मोबाईलमध्ये शिरले. घोलप सर रागावतील असं वाटलं होतं, पण ते गालातल्या गालात हसले. क्रीमरोलचा भिजलेला तुकडा तोंडात टाकून त्यांनी खुर्ची वळवली.

"असं? काय हो गर्जे, नेचर म्हणजे काय?"

भिंतीवरच्या कपाटात शब्दकोश होता. दहा पावलांवर. तिसरीच्या पोराला येईल असा प्रश्न होता, आणि पोरगी त्यांच्याकडे अशी बघत होती की उत्तर आता आलंच. गर्जे सरांना सोमवार दिसला. आई दिसली. घोलप सरांच्या ओठाला लागलेलं क्रीम दिसलं. ते बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"तसं बघायला गेलं तर... दोन्ही अर्थ होतात."

"बघ!" घोलप सर मेहविशला म्हणाले. "आणि नऊ वर्षं गाईडात हेच छापून येतंय. सगळे चुकले आणि तू एकटी बरोबर, असं असतं का बाळ?"

ती "थँक यू सर" म्हणाली आणि गेली. गर्जे सर पाणी पिण्याचं निमित्त करून मागं धावले. सायकल स्टँडजवळ तिला गाठलं. तिनं ओरडावं, रडावं, निदान तोंड फिरवावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"मेहविश, ऐक..."

"असू द्या ना सर," ती म्हणाली. डोळे कोरडे, आवाजात राग औषधालाही नाही. "सोमवारी मुलाखत हाय तुमची, मला म्हाईत हाय. अब्बा म्हनत हुते, गर्जे सरांचं एकदाचं व्हायला पायजे. तुमी तरी काय करनार?"

"तसं नाही गं..."

"मी नाराज न्हाई, सर. आमचे अब्बा पन कधी कधी नवा कापूस म्हनून जुनाच पिंजून भरत्यात गादीत. घर चालवायचं असतंय. मी त्यान्ला पन काई बोलत न्हाई."

एवढं बोलून ती खरंच हसली, आपल्या माणसाकडे बघून हसावं तशी, आणि सायकल काढून गेली. गर्जे सर नळापाशी गेले. चूळ भरली, पुन्हा भरली, बोटं घालून जीभ घासली. घाटातली ती सगळी एसटी त्यांनी इतकी वर्षं थुंकून टाकली होती, आता थुंकायचं कुणावर? चव जाईना. ओकारी यावी म्हणून ते वाकून उभे राहिले, तीही येईना.

"गर्जे!" आतून घोलप सरांची हाक आली. "चहा निवतोय तुमचा."

ते आत गेले. घोलप सरांनी कप पुढं सरकवला आणि गाईडाची एक प्रत उघडून, पेनाचं टोपण काढून बसले.

"बरं झालं तुम्ही बोललात. नवी आवृत्ती काढतोय जूनमध्ये. म्हटलं, माझ्या नावाखाली तुमचंही टाकू. तुम्ही गर्जे इंग्रजीत कसं लिहिता? शेवटी ए का ई?"

गर्जे सरांनी चहाचा घोट घेतला.

"ई, सर," ते म्हणाले. "जी, ए, आर, जे, ई. लोक नेहमी ए लिहितात, ते चूक आहे."