आईची साठीनंतरची स्पॅनिश

आई गेली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून कारण सांगते.

माझा धाकटा भाऊ समीर स्पेनमध्ये राहतो. बायको लुसिया तिथलीच. त्यांची मुलगी आल्बा. घरात तिघंही स्पॅनिशच बोलतात.

पहिल्यांदा ते लखनौला आले तेव्हा आल्बा चार वर्षांची होती. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या घरात दोन आठवडे होती. आजीनं काही विचारलं की ती बापाकडे बघायची. बाप सांगेल तेव्हा उत्तर.

ते परत गेले त्या दिवशी आई म्हणाली, "स्वतःच्या नातीशी बोलाले मले मधात माणूस लागते."

आई नागपूरची. टेलिफोन खात्यात नोकरी लागली म्हणून लखनौला आली आणि इथलीच झाली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. तिनं ऑनलाइन स्पॅनिशचा क्लास लावला. क्लासमध्ये सगळी कॉलेजची मुलं.

आठवडाभर काही नाही आणि रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्रियापदं लिहीत बसायची. शाळेत असाच अभ्यास केला होता ना.

बुधवारपर्यंत सगळं साफ.

"डोकं म्हातारं झालं माझं," म्हणाली. क्लास सोडायलाच निघाली होती.

तिथल्या मॅडम वयानं माझ्याहून लहान. त्या म्हणाल्या, "आंटी, डोकं ठीक है. तरीका बदलिए. रोज थोड़ा कीजिए. और पढ़ने के बाद किताब बंद करके याद कीजिए."

आईनं ते मनावर घेतलं.

सकाळच्या चहानंतर थोडाच वेळ, पण रोज. पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. नाही आठवलं तर लगेच उघडायचं नाही, जरा थांबायचं. कालचं आज पुन्हा, मग चार दिवसांनी पुन्हा.

एकदा मी म्हटलं, "अगं, हे तर तुला काल येत होतं."

"विसरू दे ना. विसरलेलं परत आठवलं का मग ते पक्कं बसते."

आणि बोलायचं. मोठ्यानं. तेलीबागच्या बाजारात सब्जी आणायला जाताना दिसेल ते स्पॅनिशमध्ये सांगत जायची. गाय बसलीये. रिक्षा लाल आहे. मी दमले आहे.

सब्जीवाल्या भैयानं एकदा विचारलंच, "आंटी, किससे बात कर रही हैं?"

"अपने आप से. तुम मटर तोलो."

दर रविवारी लुसियाशी व्हिडिओ कॉल. आधी सासू-सुनेचं बोलणं म्हणजे हॅलो, ओके, बाय. आता आई चुकत चुकत वाक्यं करायला लागली.

एकदा तिला सांगायचं होतं, मला भूक लागलीये. स्पॅनिशमध्ये 'माझ्याकडे भूक आहे' असं म्हणतात, आणि भूक म्हणजे 'आम्ब्रे'. आई म्हणाली 'ओम्ब्रे'. म्हणजे, माझ्याकडे एक पुरुष आहे.

लुसिया हसून हसून फोनच्या बाहेर गेली. अर्थ कळल्यावर आईही हसली. त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं.

मग आईचं हार्ट कमजोर निघालं. डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. त्या हिवाळ्यात समीर सगळ्यांना घेऊन आला. आल्बा आता आठ वर्षांची होती.

आल्यावर दोन दिवस ठीक होतं. मग पोरगी एकदम गप्प झाली. जेवेना. लुसियाला वाटलं पाणी बाधलं.

मला वेगळीच भीती वाटत होती. समीर आणि लुसिया दार लावून तासन्‌तास बोलायचे. बाहेर आली की लुसियाचे डोळे लाल. मला वाटलं, यांचं मोडतंय.

दुपारी आई आल्बाला घेऊन गच्चीवर उन्हात मटार सोलायला बसली. मी कपडे वाळत घालत होते. आई काहीतरी विचारत होती, थांबत थांबत. पोरगी खाली मान घालून एकदम भराभर बोलायला लागली.

"मास देस्पासियो," आई म्हणाली. हळू बोल.

आल्बानं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आईनं टोपली बाजूला ठेवली.

"समीरले बोलाव," ती मला म्हणाली.

तो वर आला.

"तू इथंच राहणार आहेस काय रे?"

समीरनं आल्बाकडे बघितलं.

"पोट्टी म्हणते, पप्पा इथं राहणार अन् आम्ही दोघी परत जाणार. पप्पा आम्हाले सोडणार. काहून म्हणते ती असं?"

समीर जमिनीवरच बसला. त्यांचं काही मोडत नव्हतं. आईच्या आजारपणात तो वर्षभर लखनौला राहू म्हणत होता, आणि लुसिया रडत रडत का होईना, हो म्हणाली होती. पोरीनं दाराआडून अर्धंच ऐकलं होतं.

"मले विचारलं?" आई म्हणाली. "ताई आहे ना माझ्याजवळ. लेकराचा बाप लेकराजवळ पाहिजे."

मग तिनं आल्बाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पापा वा कोन्तीगो." पप्पा तुझ्याबरोबर येणार.

"सेगुरो?" नक्की?

"सेगुरो."

त्या रात्री पोरगी मटारचे पराठे मागून मागून जेवली. लुसिया आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. बरं वाटलं म्हणून.

नंतर काही महिन्यांनी आई गेली. सकाळी आल्बाशी व्हिडिओ कॉलवर बोलली, दुपारी झोपली, उठली नाही. त्रास नाही, हॉस्पिटल नाही.

समीर दुसऱ्या दिवशी पोचला. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाला, "ताई, मला वाटायचं मी इथे नसताना आई गेली तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. पण तिनंच पाठवलं ना मला."

हो म्हटलं. तिनंच पाठवलं.

आई, त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं ते म्हणूनच. तुझं कुणाशी बोलायचं राहिलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत.

आठवण रोज येते. मनापासून श्रद्धांजली.

जय भीम, आई.