खिडकीआडून बांधलेली बोट

नवऱ्याच्या कंपनीने मुंबईतलं ऑफिस बंद केलं तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. त्यानंतर तीन महिने तो रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचा. मी शाळेच्या ऑफिसात कामाला. सकाळी जाताना तो ज्या खुर्चीत दिसायचा, दुपारी परत आले की त्याच खुर्चीत. एका रविवारी मी त्याला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. मार्वेहून फेरीने मनोरीला गेलो. येताना खाडीत एक छोटी शिडाची बोट दिसली. आत एकच माणूस, इंजिनाचा आवाज नाही. नवरा लातूरकडचा, विहिरीत पोहायला शिकलेला. ती बोट दिसेनाशी होईपर्यंत तो कठड्याला धरून उभा राहिला.

आठ दिवसांनी म्हणाला, "अशी बोट घरी बनवता येते."

मी हसले नाही. तो स्वतःहून काही बोलला, मला तेवढं पुरे होतं.

मालाडला आमचं घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या मागे फरशी घातलेली लांबट जागा, वर पत्रे. तिथे त्याने अकरा फुटांच्या बोटीला सुरुवात केली. मला वाटलं होतं खिळे ठोकतील, पण नाही. प्लायवूडचे तुकडे कापून, कडेला भोकं पाडून ते तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे. मग सांध्यात इपॉक्सी भरायची. दोन डब्यांतली दोन द्रव्यं मापाने एकत्र केली की थोड्या वेळात दगडासारखी होतात. पहिल्याच दिवशी त्याने डबाभर कालवून ठेवली आणि ती आपोआप तापून धूर सोडायला लागली. डबा अंगणात फेकून आम्ही दोघं लांब उभे राहिलो आणि तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसला. त्या हिवाळ्यात आम्ही खूप बोललो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर मला कळलं की याला दहावीनंतर चित्रकलेला जायचं होतं.

मार्चमध्ये त्याच्या मनगटांवर पुरळ आलं. घामोळं असेल म्हणून त्याने पावडर लावली. मग पापण्या सुजल्या. तो हातमोजे चढवून काम करत राहिला. एका सकाळी उठला तर चेहरा ओळखू येत नव्हता, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कसलं काम चाललंय?"

त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते आता बंद. शरीराने त्या रसायनाशी एकदा वैर धरलं की ते सहसा सुटत नाही. पुढच्या वेळी याहून थोडंसं पुरेल."

"गोळी घेऊन केलं तर?"

"काका, तुम्हाला मी काय सांगतेय?"

बोटीचा सांगाडा उभा राहिला होता, आतले सांधे बाकी होते. घरी येऊन तो पुन्हा त्याच खुर्चीत बसला. दोन दिवस मी बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "तू खिडकीतून सांग. मी करते."

मग तसं सुरू झालं. स्वयंपाकघराची काच घट्ट लावून तो आत बसायचा, मी बाहेर तोंडाला मास्क लावून. फोन स्पीकरवर. "डावीकडे ओघळ आलाय. अगं, तुझ्या डावीकडे!" मी चुकले की तो चमच्याने काचेवर ठोकायचा. काम संपलं की मी मागेच कपडे बदलायचे, बादलीत बुडवायचे आणि मगच घरात यायचे. हळूहळू माझा हात बसला. पण त्याला ते दिसत नव्हतं, की बघवत नव्हतं, कोण जाणे. एकदा फोनवर म्हणाला, "तुझ्या हातात जोरच नाही. नासवलीस सगळी."

मी ब्रश खाली ठेवला. "मग ये बाहेर आणि कर तू."

काचेच्या आत त्याने चमचा खाली ठेवला. हे आपण बोलायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं.

तरी मी काम सोडलं नाही. ऑगस्टच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर आला. तो धुऊन, वरून घासून काढावा लागतो. मी ओल्या फडक्याने पुसत पुसत घासलं, तरी धूळ उडायची तेवढी उडालीच. दुपारपर्यंत त्याचे डोळे सुजून मिटले आणि तो भिंत धरून धापा टाकायला लागला. त्या वेळी हॉस्पिटलात चार दिवस ठेवलं. घरी आल्यावर म्हणाला, "काढून टाक ती."

मनोरीचे एक मासेमारी करणारे काका बघायला आले. बोटीभोवती फिरले, दोन ठिकाणी बोटाने वाजवून पाहिलं. "काम चांगलं आहे हो ताई. पण अर्धी बोट नेऊन मी करू काय? आणि आमच्या कामाला ही लहानच." भंगारवाल्याने हातही लावला नाही. मागची जागा रिकामी करा म्हणून सोसायटीची नोटीस आली होतीच.

नवऱ्याला मी घाटकोपरला नणंदेकडे पाठवलं आणि बोट मीच कापली. दोन दिवस लागले. प्लाय चिरत गेलं, फाटलं, पण मी भरलेला एकही सांधा सुटला नाही. प्रत्येक सांध्याच्या बाजूने कापावं लागलं.

त्याने फोन केला. "झालं?"

"झालं."

"सांधे कसे निघाले?"

"निघाले नाहीत. सगळे धरून होते."

मग तो म्हणाला, "जेवलीस का?"

तो घरी आला तेव्हा जागा धुऊन स्वच्छ होती. त्याने मागचं दार उघडून बघितलं नाही, अजून बघत नाही. चित्रकलेचा विषय मी एकदा काढला. "आता कुठे?" एवढंच म्हणाला.

या महिन्यात वरच्या मजल्यावर नवीन लाद्या बसवतायत. त्यांच्या फटींत भरतात तीही इपॉक्सीच असते, हे आम्हाला त्याचे ओठ सुजल्यावर कळलं. वरचे लोक भले आहेत, पण त्यांनी तरी काम किती थांबवायचं? आम्ही पुन्हा घाटकोपरला आलोय. नणंद काही बोलत नाही, पण तिचं घर दोन खोल्यांचं आहे. आज सकाळी तो गॅलरीत बसला होता. मी चहा दिला. समोरच्या बिल्डिंगला बांबूची परांची बांधत होते.

"तिथे पण काम निघालं वाटतं," तो म्हणाला.

तो आत येऊन पलंगाच्या कडेला बसला आणि मी गॅलरीचं दार लावून घेतलं.