पुसदची बाई

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लबाडीच्या बातम्या देत आलो. ही एक कुठेच दिली नाही — कचेरीत नाही, घरात नाही, बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं शेवटी सांगतो.

माझ्याबद्दल लागेल तेवढंच. यवतमाळात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी काम करतो. आमच्याकडे दोन नियम पाळतात. पहिला — दोन माणसांकडून खातरजमा झाल्याशिवाय काही छापायचं नाही. दुसरा कुठे लिहिलेला नाही, पण पहिल्याच महिन्यात शिकवला जातो — ज्याच्यावर संशय आहे, त्यानं पुढे केलेल्या माणसाचं खरं मानायचं नाही. कंत्राटदार स्वतः गाडीत बसवून रस्ता दाखवायला नेतो, तेव्हा तो धड असलेलाच रस्ता दाखवतो. मी पहिला नियम नोकरी म्हणून पाळला. दुसरा अंगात मुरला.

माझी मोठी बहीण घाटंजीला असते. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. गावोगाव फिरून मुलांची वजनं नीट घेतली जातात की नाही, हे पाहणं तिचं काम. स्वतःचं वजन एकशे अठरा किलो. गुडघे गेलेले, साखर वाढलेली. वजनकाट्याजवळ ती उभी राहिली की सेविका दुसरीकडे बघत, हे तिनंच मला हसत सांगितलं होतं. हसत — पण सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वी तिनं वजन उतरवण्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं. नागपूरच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो. त्यांनी कागदावर दोन चित्रं काढली. एक स्लीव्ह — जठराचा मोठा भाग कापून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. दुसरं बायपास — जठराचा छोटासा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडायचा. ताईला आम्लपित्ताचा जुना त्रास होता. गोळ्यांची पट्टी तिच्या पर्समध्ये कायम असे. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला सूज दिसली होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बायपासच करा, स्लीव्हनं जळजळ वाढू शकते.

दहा मिनिटांत सांगितलं. मला ती दहा मिनिटं खटकली. भिंतीवर रोग्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते, तेही खटकले. बायपास अवघड, म्हणजे याच्या फायद्याचं — असा हिशेब मी खुर्चीत बसल्या बसल्याच करून टाकला. मी शंका विचारल्या तेव्हा त्यांनी एक फोन नंबर लिहून दिला. वणीचे आहेत, यांचा बायपास मीच केला, तुम्ही बोलून घ्या. माझ्या मनातली फाईल तिथेच पूर्ण झाली. नंबर कोण देतंय? दवाखाना. मग तो माणूस खरं बोलेल?

परतताना ताई बसमध्ये म्हणाली, "तू दुसऱ्याच्या घरची बातमी दोन ठिकानी इचारल्याबिगर छापत नाही. हे त मायं पोट हाये, भाऊ. नीट इचारून सांग. तू म्हनशीन तेच करतो."

भाऊजी समोरच्या सीटवर होते. ते मागे न बघताच बोलले, "पेपरवाल्या भावाले इचारल्याबिगर हिचा चहा बी उकयत नाही."

सोमवारपर्यंत दवाखान्याला कळवायचं होतं. वणीच्या माणसाला मी शनिवारी फोन लावला. रफीकभाई, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, "मले काही तकलीफ नाही साहेब. थोडं थोडं खा लागते, गोया रोज घ्या लागते, जिंदगीभर. गोड जास्त झालं त चक्कर येते. बाकी बढिया." शिवाय माझ्या बहिणीला आम्लपित्त आहे का, हे त्यानं आपणहून विचारलं. त्याला होतं, ते गेलं म्हणाला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? विश्वास ठेवला असता, किंवा दुसरा माणूस शोधला असता. मी यातलं काहीच केलं नाही. तो घडाघडा बोलतो, म्हणजे पढवलेला आहे. पहिल्या रिंगला उचलतो, म्हणजे वाटच बघत बसलेला आहे. गॅरेजवाल्याला फोन आला म्हणजे काम आलं, म्हणून तो लगेच उचलत असेल — इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही. की सुचू दिली नाही? त्या दिवसांत माझ्या डोक्यात अशा ऑपरेशनांच्या बाजारावर एक वृत्तमालिका होती. मालिकेला वाईट बायपास हवा होता. हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो.

आता मूळ गोष्ट.

रविवारी मी ताईला फोन केला आणि सांगितलं, दोघांशी बोललो. वणीचा माणूस दवाखान्याचाच आहे, त्याचं सोडून दे. पुसदला एक बाई सापडली. शाळेत स्वयंपाक करते, नवरा शिलाईकाम करतो. बायपास होऊन दीड वर्ष झालं, केस गेले, उलट्या थांबत नाहीत, अंगात त्राण नाही. स्लीव्ह केली असती तर बरं झालं असतं म्हणते.

पुसदला अशी कुणी बाई नव्हती.

ती मी फोनवर बोलता बोलता तयार केली. तपशील मात्र धंद्यात शिकल्याप्रमाणे भरले — तपशिलाशिवाय बातमीवर कुणी विश्वास ठेवत नाही. मला फक्त संशय आहे, एवढं सांगितलं असतं तर ताईनं डॉक्टरांचंच ऐकलं असतं. तिला माझ्या मताची किंमत नव्हती. माझ्या माहितीची होती.

तिनं स्लीव्ह मागितली. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मग फॉर्मवर लिहिलं — सल्ला बायपासचा, रुग्णाच्या आग्रहावरून स्लीव्ह. ते वाक्य वाचून मी मनात म्हटलं, बघा, आत्ताच हात झटकतोय.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. पस्तीस किलो उतरले, साखर आटोक्यात आली. ताई गावोगाव पायी फिरू लागली आणि भेटेल त्याला सांगू लागली की भावानं चौकशी केली म्हणून वाचले. मी ते ऐकून घेत असे.

पण ती पुसदच्या बाईला विसरली नाही. हा माझा हिशेब चुकला होता. बातमीतला माणूस दुसऱ्या दिवशी वाचकाच्या डोक्यातून जातो, असा माझा अनुभव. ताई दर फोनला विचारी — कशी आहे ती? उलट्या थांबल्या का? कामावर जाते का? आणि मी उत्तरं देत गेलो. थोडी बरी आहे. पुन्हा बिघडली. एकदा मी बातमीच्या कामाला पुसदला निघालो, तेव्हा ताईनं स्टीलच्या डब्यात भाजलेल्या मुगाचं पीठ भरून दिलं. गूळ घातला नव्हता. बायपासवाल्यांना गोड सोसत नाही, हे तिनं लक्षात ठेवलं होतं. तो डबा आम्ही कचेरीत चहासोबत संपवला. मी रिकामा डबा धुऊन परत नेला आणि सांगितलं, तिला आवडलं.

दुसऱ्या वर्षी ताईची जळजळ सुरू झाली. आडवं झालं की आंबट पाणी घशात येई. आता ती तीन उशा लावून, बसल्या बसल्याच झोपते. आवाज बसला आहे. बैठकीत सेविकांशी बोलायला तिला लिहून दाखवावं लागतं. यंदा त्याच डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि म्हणाले, आता स्लीव्हचा बायपास करून घ्या, त्रास थांबेल. आधीच सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

ताई तयार झाली होती. दवाखान्यानं दिलेला ऑपरेशनचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला. आणि घोगऱ्या आवाजात मला म्हणाली, "पुसदच्या बाईचा नंबर दे ना, भाऊ. आता माया बी बायपास होऊन राह्यला. एकडाव तिच्याशी बोलतो."

मी म्हणालो, "ती वारली."

काहून, कायनं, असं ती विचारत राहिली. मी गप्प बसलो. गप्प बसणं हेही उत्तर असतं, हे मला माहीत आहे. अधिकारी गप्प बसला की आम्ही तीच बातमी करतो. ताईनंही केली. दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्याला नकार कळवला. कागद मात्र अजून फ्रिजवर आहे.

त्यानंतरच्या पौर्णिमेला ती मला विहारात घेऊन गेली. त्या बाईच्या नावानं मेणबत्ती लावायची म्हणाली. नाव काय, असं तिनं विचारलं. मला नाव सुचलं नाही. बिननावाची मेणबत्ती लागली. मग सगळ्यांसोबत आम्ही पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ताईचे फक्त ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. माझा आवाज स्पष्ट आला.

गेल्या महिन्यात मी रफीकभाईला पुन्हा फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मजेत आहे. त्यानं विचारलं, "तुमच्या बहिनीनं मंग कोनतं केलं, साहेब? चांगल्या हायेत ना?" चार वर्षांनी त्याच्या लक्षात होतं. मी हो म्हणालो.

आमच्या पेपरात चूक झाली तर सातव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, लहान चौकटीत दुरुस्ती येते. तिथे कारणं द्यायची पद्धत नाही. चूक काय होती आणि खरं काय आहे, एवढंच.

तर — पुसदची बाई कधीच नव्हती. त्यामुळे ती वारलेलीही नाही. बायपास झालेल्या एकाच माणसाशी मी बोललो. तो तेव्हा बरा होता, आजही बरा आहे. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते बरोबर होतं.

दुसरं कारण सांगायचं राहिलं. समोर बसून हे बोलायला मी दोनदा घाटंजीला जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो. माझ्या नावानं छापून आलेली प्रत्येक ओळ ताई वाचते आणि कापून ठेवते. हे रविवारच्या अंकात आहे. तिच्याकडे पेपर सकाळी सातला पडतो.