मॅडमनी गाळायला लावलेलं प्रकरण

पदव्युत्तर वर्गाच्या मुलाखतीला गेले, तेव्हा प्रा. मंदाकिनी धामापूरकर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं. विषय होता समाजशास्त्र आणि फौजदारी न्याय. "कोर्टात कधी गेली आहेस?" त्यांनी विचारलं. मी ताठ बसून सांगितलं, "नाही मॅडम, आमच्या घरातलं कोणी तसलं नाही." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तसलं म्हणजे कसलं गं?" प्रवेश हातचा गेला असं धरूनच मी सिल्वासाहून किलवणीची रिक्षा पकडली. यादीत नाव लागलं तेव्हा आईने पेढे वाटले. मला मात्र धसका बसला, की आता या बाई दोन वर्षं माझी पाठ सोडणार नाहीत.

आणि सोडली नाहीच! पहिल्याच सत्रात त्यांनी आम्हाला कोर्टाच्या व्हरांड्यात बसवलं. वकील काय बोलतात ते लिहायचं नाही; कोण कुणासाठी आलंय, खायला काय आणलंय, एवढंच टिपायचं. एकदा दुधनीहून आलेली एक आजी मुलासाठी भाकरी-मासळी घेऊन सकाळपासून बसली होती. तारीख पुढे गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी हे सगळं सुरेख अक्षरात लिहून मॅडमपुढे ठेवलं आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. मॅडमनी वाचून विचारलं, "मग तू तिला सांगितलंस ना?" सांगितलं नव्हतं. मॅडम पर्स उचलून कोर्टाकडे निघाल्या, आणि मी खाली मान घालून त्यांच्या मागे. आजीला त्यांनी बसमध्ये बसवून दिलं. मला मात्र त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

माझा प्रबंध होता निर्दोष सुटून पुन्हा कामाला लागलेल्या कामगारांवर. त्यातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आमच्यासारख्याच खानदेशातून आलेल्या एका गृहस्थांचं होतं. त्यांना इथे मी दादा म्हणते. चोरीच्या खोट्या आळापायी ते कित्येक महिने कच्चे कैदी म्हणून आत होते. सुटून आले तेव्हा त्यांची चिमुकली मुलगी त्यांना ओळखेना, आईच्या पदराआड लपली. हे सांगताना दादा रडले होते, आणि लिहिताना मीही. या प्रकरणावर मला शिष्यवृत्ती मिळेल, अशी विभागात चर्चा होती. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता.

मॅडमनी वाचून कागद खाली ठेवले. "नाव बदललंस, छान. गाव?"

"गाव खरंच आहे. ते ज्या मशीनवर काम करतात, तेही खरं आहे. नाहीतर अभ्यासाला अर्थ काय, मॅडम?"

"तुझ्या वडिलांना चाळीत काय म्हणतात?"

"शहाद्यावाले, पॅकिंगवाले."

"आणि नावाने?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आमच्या खानदेशी कामगारांच्या चाळींत नावाने कुणालाच कोणी ओळखत नाही. गाव आणि मशीन सांगितलं की माणूस सापडला. जन्म तिथे काढलेल्या मला हे सुचलं नाही, आणि कोकणातून आलेल्या या बाईंनी ते बरोबर पकडलं. "जा, त्यांना वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतःच आमच्या दारात उभ्या.

दादांच्या खोलीत मी वाचत होते आणि दादा जमिनीकडे बघत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, नाव मनं नही, पण हाऊ मीच शे. मनी पोरले माहीत नही. तिले वाटस, मी तवय कामले बाहेर व्हतु. तिले लोकेसना तोंडघाई नको समजाले."

लोकांच्या तोंडून मुलीला ते कळू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी मॅडमकडे पाहिलं. काहीतरी मार्ग काढतील अशी वेडी आशा होती. त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले, दादांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हे तुमचं आहे." परतीच्या वाटेवर मी हमसून हमसून रडले. मॅडमनी रस्त्यातच मला जवळ घेतलं.

शिष्यवृत्ती गेली. प्रबंधही एक सत्र पुढे गेला. उशिराचा खुलासा मॅडमनी स्वतः लिहून दिला होता, 'मार्गदर्शक म्हणून चूक माझी आहे.' त्यावरून त्यांना वरिष्ठांचे चार शब्द ऐकावे लागले. मला हे पुढे कार्यालयातल्या बाबूंकडून कळलं. त्या सत्रात दर रविवारी त्यांच्या घरी बसून मी नवं प्रकरण लिहिलं. त्या सोलकढीचा पेला पुढे ठेवत आणि माझी वाक्यं निर्दयपणे खोडत.

मध्यंतरी दादा विभागात आले. मी आता तिथेच शिकवते. त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला होता. मॅडमना नमस्कार करून ते म्हणाले, "पोरले समदं सांगी टाकं. मना तोंडघाई."

मॅडमनी हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

"मना हात धरी बसनी. मंग म्हणनी, पप्पा, तठे तुमले पोटभर जेवाले भेटे का?"

मॅडमना मी तेव्हा प्रथमच रडताना पाहिलं. तो प्रश्न माझ्या एकाही प्रकरणात नव्हता. मी दादांचं प्रकरण छापलं असतं, तर तिने तो बापाला कधी विचारलाच नसता.

मॅडम, आज आपण साठ वर्षांच्या झालात. आपले गुडघे कुरकुर न करोत, कान तिखट राहोत, आणि आमची वाक्यं खोडणारा हात पुढची कितीतरी वर्षं असाच खणखणीत राहो. आपल्यामुळे एका मुलीला तिच्या वडिलांची गोष्ट वडिलांच्याच तोंडून ऐकता आली. एवढ्याचसाठी मी आपल्यासाठी शंभर वर्षं मागते.