पडद्यावरची हजेरी

हजेरीमास्तरांनी कोणत्याही नायिकेचा चेहरा कधी नीट पाहिला असेल, असे मला वाटत नाही. प्रेमगीत रंगात आले की त्यांची दृष्टी त्या युगुलाला ओलांडून मागे उभ्या असलेल्या माणसांवर स्थिरावे. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते फाटकावर हजेरी घेत. तीच शिस्त ते चित्रपटालाही लावीत.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वाशीतील आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात दोन इमारतींमध्ये पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवीत. श्रींच्या पूजेचा मान माझ्याकडे असल्याने मला पुढची खुर्ची मिळे. शेजारी मास्तर आणि त्यांच्या पत्नी. दोघेही मूळचे खाडीकाठच्या गावचे, आगरी. अंधारात मास्तरांचा गंभीर स्वर उमटे : "मद्रासी? हजर, पन लुंगी सुटन्यापुरता. घाटी? हजर, भांडी घासतोय. आगरी? गैरहजर." मध्यंतरात ते पडद्याची मागची बाजूही तपासून येत, तिकडे कोणी राहून गेले असेल, अशी त्यांना शंका असे. "मास्तर, हा पिक्चर आहे, फर्स्ट शिफ्ट नाही," असे आमचे चिटणीस वैतागून म्हणत. तळमजल्यावरचे तमिळ गृहस्थ मात्र आपला उल्लेख झाला की निष्ठेने "प्रेझेंट" म्हणत.

एका वर्षी एक हलकाफुलका प्रेमपट लागला. त्यात नायिकेच्या घरची स्थूल मोलकरीण स्वयंपाक्यावर जीव टाकते, त्याला पाहून लाजते आणि मागे सरता सरता हौदात कोसळते. सारी सोसायटी खदखदून हसली. मास्तरांच्या पत्नी देहाने तशाच भरदार होत्या. त्या उठून घरी गेल्या, आणि पडद्यासमोर पुन्हा बसणार नाही असे त्यांनी मास्तरांना सांगून टाकले.

पुढच्या वर्षी मास्तरांनी मला गळ घातली, की अशा बाईवर कोणी मनापासून प्रेम करतो असा चित्रपट मिळवून द्या. फिल्म भाड्याने देणाऱ्याने तसा चित्रपट निघालाच नसल्याचे सांगितले, आणि लोकाग्रहास्तव गेल्या वर्षीचाच पुन्हा पाठविला. मास्तर क्षणभर खिन्न झाले. मग ते प्रोजेक्टरवाल्याशी बराच वेळ कुजबुजले आणि मला म्हणाले, "भटजी, आरती झाली का हिला बसवून ठेवा." माझ्या शब्दाखातर वहिनी बसल्या, पदर तोंडाशी धरून.

मोलकरीण हौदात पडली. हशा उसळणार तोच यंत्र उलटे फिरू लागले. उडालेले पाणी हौदात परतले, बाई पायांकडून वर आली आणि कोरडी ठणठणीत काठावर उभी राहून लाजली.

"थांबव," प्रोजेक्टरजवळून मास्तरांचा आवाज आला.

"चाचा, रील जल जायेगी," प्रोजेक्टरवाला विनवीत होता. पण बटण आता मास्तरांच्या बोटाखाली होते.

"जलू दे. ही पडनार नाय."

पडद्यावरच्या हौदाला मधोमध तपकिरी भोक पडले आणि पाहता पाहता हौद भस्मसात झाला. मी आयुष्यभर शास्त्रे वाचली. परंतु अधःपात निवारण्याची ही रीत मला कोणत्याही ग्रंथात आढळली नाही. प्रोजेक्टरवाल्याने पुटपुटत जळका तुकडा आणि त्यापुढची फाटलेली दोन-तीन हात फिल्म कापून रीळ जोडले. वहिनी डोळे पुसून हसत म्हणाल्या, "अवो, या आता. बसा माझ्याजवल."

मास्तर गेल्यानंतरच्या गणेशोत्सवात पलीकडच्या सेक्टरात तेच रीळ लागल्याचे कळले. वहिनींनी मला सोबत नेले. मोलकरीण स्वयंपाक्याला पाहून लाजली, मागे सरली आणि थेट लग्नाच्या मांडवात अवतरली. प्रेक्षकांत कोणालाच काही उणे वाटले नाही.

वहिनींनी पडद्यावरून नजर काढली नाही. हळूच म्हणाल्या, "भटजी, बघा. अजून कोरडी हाय."