नर्सबाईचा पिच्चर

"त्यांनाच इचारा ना! बसलेत ना समोर!" नर्सबाई घरात असली आन कोनी मला इचारलं, म्हातारा कसाय, का ती खेकसलीच. सोता आमच्या मालकांपुढं फरशीवर मांडी घालून बसायची. "काय आबा, जेवले का?" मालक कधी हो म्हनायचे, कधी नुसते बघायचे. तिला दोन्ही चालायचं.

आमची गल्ली सारी सटाण्याकडची, पोटासाठी नाशकात आलेली. नर्सबाईबी तिकडचीच, दवाखान्यातून रिटायर झालेली. मालकांना इसरायचा आजार लागला तवा गल्ली म्हनली, बाहेरचं हाय. गावावरून दीर आला. "वयनी, भगताकडं नेऊ. कपाळावर तापल्या सळईचा डाग दिला का मानूस ताळ्यावर येतो." मी थकले व्हते. हो म्हनून बसले. अमावसेला जीप ठरली.

नर्सबाईला कळलं. मला बोलली नाय काय. गल्लीतल्या आठ-दहा बाया गोळा केल्या आन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. नेटवर एक पिच्चर लावला. गोरा म्हातारा, सोताच्याच घरात वाट चुकलेला.

शेजारीन म्हनली, "बया, एवढं मोठं घर! मीबी चुकंन."

साऱ्या हसल्या. नर्सबाईबी हसली. "खरंय. हे आपल्या कामाचं नाय. आपला आपनच काढू."

दुसऱ्या दिवशी दुकानवाल्याचा क्यामेरा घेऊन माझ्या घरात. "आपल्या बोलीत सांग, काय काय व्हतंय. आधी आबांचं नाव सांग."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. चाळीस वर्सं घेतलं नव्हतं.

"आबा सोताचं नाव इसरले. तू घेत नाय. मंग ते नाव ठेवायचं कुठं?"

घेतलं. दगडू. तुमच्यापुढंबी घेते. कोपऱ्यात बसलेल्या मालकांनी मान वर केली आन "ओ" दिली. लय दिवसांनी.

मंग ती सोता क्यामेऱ्यापुढं बोलली, हा मेंदूचा आजार हाय, डागानं नुसती जखम व्हतीय. पिच्चर नेटवर चढला. बाया दुकानात गर्दी करायच्या. "लाज सोडली हिनं," म्हनायच्या, आन परत लावायला सांगायच्या. एक जनी हळूच म्हनली, "आमच्या सासूचंबी असंच हाय."

अमावसेला दीर जीप घेऊन आला. मी उंबऱ्यात उभी. नर्सबाई समोरच्या ओट्यावर, हाताची घडी घालून. मला वाटलं, ती बोलंन. ती बोललीच नाय. मंग मीच बोलले.

"नाय न्यायचं."

"नाव घेती नवऱ्याचं! त्या बाईनं शिकवलं तुला!"

"हो, शिकवलं. आत चहा ठेवलाय. प्यायचा तर पी, नाय तर जा."

जीप रिकामी गेली.

दोन वर्सांनी नर्सबाई गेली, झोपेतच. मालकांना ती कुठं गेली ते सांगितलं नाय, कारन रोज नव्यानं सांगावं लागलं असतं. पुढं मालकबी गेले. शेवटच्या आंघोळीला दीर पानी घालत व्हता. मी पुढं झाले, मालकांच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"बघ," म्हनलं. "एक डाग नाय."

हे बघायला नर्सबाई पायजे व्हती. दीरानं तांब्या परत भरला, आन हळू वतला.